चालू कंडिशन

आमची नौपाड्यातली तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली, घर रिकामं करायची तारीख सोसायटीच्या फळ्यावर लागली आणि आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते स्पीकरवरून. "भाड्याच्या घरात ही दोन कपाटं यायची नाहीत," असं आमच्या हिने जाहीर केलं. कपाटं म्हणजे माझे स्पीकर. कमरेएवढे उंच, सागवानी रंगाचे, एकेक वीस किलोचा. शिवाय अँप्लिफायर, टर्नटेबल, कॅसेट डेक, अमेरिकेहून आलेला एक सीडी प्लेअर, अडीचशेच्या वर रेकॉर्डी आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबलेल्या वायरी. त्या वायरी कशाच्या आहेत हे मलाही आता सांगता यायचं नाही.

हा संसार सुरू झाला १९८८च्या दिवाळीत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या खात्याला, सुपरवायझर होतो. बोनस हातात पडला आणि सलग तीन शनिवार मी लॅमिंग्टन रोडला नुसता ऐकायला गेलो. चौथ्या शनिवारी दुकानदारच कंटाळून म्हणाला, "अब ले भी लो साहब." टॅक्सीच्या टपावर खोकी बांधून व्हीटी गाठलं आणि ठाणा स्लोच्या मालडब्यात दोन्ही स्पीकर चढवले. शेजारी मासळीच्या पाट्या. एका मावशींनी खोक्यावर थाप मारून विचारलं, "टीव्ही हाय का?" म्हटलं, गाण्याचं मशीन आहे. "मंग लाव की," त्या म्हणाल्या. दोन्ही खोक्यांना माशांचा वास लागला होता, तो घरात आठवडाभर पुरला.

असो. मुद्दा विकण्याचा. मुलीने फोटो काढून एका साइटवर जाहिरात टाकली. मजकूर माझा: 'स्टिरिओ सेट, सिंगल ओनर, चालू कंडिशन, १८,००० रुपये.' त्यातले 'चालू कंडिशन' हे दोन शब्द मी इतक्या सहज लिहिले, जसं पत्राच्या शेवटी 'बाकी सर्व क्षेम' लिहितात.

वीस मिनिटांत फोन आला. "सर, मैं फौज में हूँ, अभी ठाणे में पोस्टिंग हुआ है." आवाजात अदब होती. किंमत कमी करायला सांगितली नाही. माल न्यायला माणूस पाठवतो म्हणाला, पैसे आत्ताच देतो म्हणाला. मी विचारलं, ऐकायला येणार नाही का? तर म्हणाला, "सर, आप जैसे सीनियर सिटिझन झूठ थोड़ी बोलेंगे." खोटं कशाला बोलू, मी फुगलो. मोबाइलवर त्याने गणवेशातल्या माणसाचं ओळखपत्र पाठवलं आणि मागोमाग एक क्यूआर कोड. तो स्कॅन करा, १८,००० दिसतील, पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात.

पिनचे पहिले दोन आकडे मी टाकले होते. मुलगी स्वयंपाकघरातून पाण्याची बाटली घेऊन येत होती, तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि फोन हातातून अक्षरशः हिसकावला. "बाबा, पैसे घ्यायला पिन कधीपासून लागायला लागला?"

बरोबर होतं तिचं. चाळीस वर्षं बँकेत रांगा लावणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. पैसे काढायच्या स्लिपवर आपली सही लागते. कुणी आपल्या खात्यात भरणा केला तर त्या स्लिपवर आपली सही मागायला कुणी घरी येत नाही. यूपीआयचा पिन म्हणजे ती काढायची सही. पैसे येताना तो कधीच लागत नाही, काहीच टाकावं लागत नाही, कुठलाच कोड आपण स्कॅन करायचा नसतो. तिने तो नंबर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला. पैसे गेलेच असते तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच, मिनिटं मोजत फोन करायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच काही आशा असते. पुढे टर्नटेबल घेणाऱ्याने पैसे पाठवले, तेव्हा 'जमा झाले' असा मेसेज माझ्या फोनवर आला. मी त्या मेसेजवर न थांबता बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक पाहिली. तो बिचारा सज्जन होता, पण मेसेज काय, कुणीही बनवून पाठवू शकतो.

त्या रात्री मी जास्त विचार केला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. स्पीकर किती ओमचे, वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, किती इंची, काही नाही. ज्याला वस्तू हवी असते तो प्रश्न विचारून जीव खातो. पुढच्या आठवड्यात खरी गिऱ्हाइकं आली ना, तेव्हा हे पटलं. वूफरची कड फोमची आहे की रबराची? जाळी निघते का? सुई कधी बदलली? आत कुणी हात घातलाय का? कोलकात्याच्या सोनोडाइनचं काही असेल तर सांगा, असं तर दोघांनी विचारलं. एकाने अँप्लिफायरच्या मागच्या बाजूचे नऊ फोटो मागवले. नऊ! मुलीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा कुणी इतके फोटो मागितले नव्हते.

त्यातल्याच एका प्रश्नाने मी अडकलो. "काका, शेवटचं कधी लावलं होतं?"

मी आठवू लागलो. हल्ली गाणी फोनवर. टर्नटेबलची सुई मोडून किती दिवस झाले? हिशेब केला तर चार वर्षं. म्हणजे माझी 'चालू कंडिशन' चार वर्षांपूर्वीची होती.

मी लगेच प्लग लावायला निघालो होतो. पण चरईतला आमचा जुना मेकॅनिक आठवला आणि हात थांबला. कॅसेटच्या जमान्यात त्याच्याकडे डेकांची रांग असायची, आता मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. फोनवरच ओरडला, "साहेब, थेट लावू नका! मी येतो."

येताना त्याने एक लाकडी बोर्ड आणला होता, वर पिवळ्या बल्बचा होल्डर. शंभर वॉटचा जुना, तारेचा बल्ब. "हे बल्ब आता सहसा मिळत नाहीत, जपून ठेवलेत," म्हणाला. याला सिरीज म्हणतात. बल्ब आणि अँप्लिफायर एकामागे एक असे जोडायचे, म्हणजे अँप्लिफायरला जाणारी वीज आधी बल्बातून जाते. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि पेटलेलाच राहतो, पण अँप्लिफायर वाचतो, घराचा फ्यूज वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होत जातो.

पण आधी त्याने झाकण उघडलं. आत काळ्या मिऱ्यांसारखी झुरळांची घाण, आणि ट्रान्सफॉर्मरच्या मागे एक पालीचं पिल्लू, वाळून कागदासारखं झालेलं. ही लांब उभी राहून बघत होती. मेकॅनिकने ब्रशने सगळं झाडलं. दोन मोठे कपॅसिटर दाखवले, फोटोच्या जुन्या रोलच्या डबीएवढे. "वापर नसला की हे आतून सुकतात. चार वर्षांनी एकदम २३० व्होल्ट दिले की फुगतात, कधी फुटतात." आणि दुसरी गोष्ट, जी मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती: प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते. म्हणून घरच्या घरी झाकण उघडून बोट घालणं, हे प्लग काढला तरी सुरक्षित नाही. त्याने आत हात घालण्याआधी एक रेझिस्टर लावून तो चार्ज उतरवला. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे मेकॅनिकही मी पाहिलेत. हा तसला नव्हता.

मग बटण. बल्ब उजळला. आमच्या हॉलमध्ये बऱ्याच वर्षांनी तो पिवळा उजेड पडला, हिच्या तोंडावर, भिंतीवर, बांधून ठेवलेल्या खोक्यांवर. मग हळूहळू, पोटातली भूक शमावी तसा, विझत विझत नुसती लाल तार उरली. "आहे जिवंत," मेकॅनिक म्हणाला. स्वतःचा एक टीचभर टेस्ट स्पीकर जोडून त्याने दोन्ही बाजू वाजवून पाहिल्या. चांगले स्पीकर अशा वेळी जोडायचे नसतात, अँप्लिफायर बिघडलेला असेल तर तो स्पीकरही घेऊन जातो. नॉबमध्ये फवारा मारून खरखर घालवली. सहाशे रुपये घेतले आणि जाताना सगळे नॉब मधोमध आणून ठेवले.

तो गेल्यावर मी माझे स्पीकर जोडले, गाणं लावलं आणि बॅलन्सचा, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला आवाज वाटून देणारा नॉब जरासा डावीकडे वळवला. चहात दीड चमचा साखर घालतो तसा, न बघता. मग मुलीला सांगितलं, आता लिही, चालू कंडिशन.

दरम्यान जे विकलं जाणार नव्हतं ते मी वाटायला काढलं. इथे माझं एक मत बनलंय आणि ते कुणाला आवडणार नाही: फुकट देऊ नये. शंभर रुपये तरी घ्यावेत. कॅसेट डेक मी आमच्याच गल्लीतल्या एका ओळखीच्या माणसाला दिला, त्याने मागितला नव्हता, मीच गळ्यात मारला. चौथ्या दिवशी राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर भंगारवाल्याच्या हातगाडीवर तो उताणा पडलेला दिसला. मोटार काढलेली, ट्रान्सफॉर्मर उपटलेला. ज्या दाराला मी जुन्या बनियनने पुसायचो ते दार लोंबत होतं. राग त्या माणसाचा आला नाही. त्याने घरात ठेवायचा तरी का?

भंगाराबद्दलही माझं डोकं तेव्हाच जरा उघडलं. वायरचं प्लास्टिक जाळून आतलं तांबं काढतात, तो काळा धूर आपण नाल्याकाठी पाहतो आणि नाक धरून पुढे जातो. जुन्या सर्किटांवरच्या सोल्डरच्या डागात शिसं असतं, ते कुठे जातं? १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची यादी असते. मेलेलं उरलंसुरलं सामान आणि वायरींचा डबा पुढे मी तसाच, शोधून, अधिकृत ठिकाणी दिला. देताना एक केलं. खरोखर मेलेल्या प्रत्येक यंत्राची प्लगची वायर बुडाशी कापून टाकली. नाहीतर वाटेत कुणीतरी हौशी पोरगा ते उचलतो, घरी नेतो आणि चालतंय का बघायला सॉकेटात खुपसतो.

हे शहाणपण सीडी प्लेअरने शिकवलं. तो मेहुण्याने न्यू जर्सीहून आणलेला. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणून इथे तो एका जाडजूड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालायचा. भाच्याला दिला तेव्हा ट्रान्सफॉर्मर माळ्यावर राहिला आणि सांगायचंही राहिलं. त्याने घरी जाऊन अ‍ॅडॅप्टर लावून थेट २३० व्होल्टमध्ये घातला. नुसता 'फट्' आवाज आणि वास, बाकी कुणाला काही झालं नाही, पण बहिणीने मला फोनवर जे ऐकवलं ते स्पीकरवर लावायची गरज नव्हती. आता अशी कुठलीही वस्तू देताना मी तिच्या प्लगलाच चिठ्ठी बांधतो. प्लगला, खोक्याला नाही. खोकी लोक आधी फेकतात.

आणि ते ब्लूटूथचं चिमुकलं यंत्र. मुलीने मला जुन्या अँप्लिफायरला फोन जोडता यावा म्हणून घेऊन दिलं होतं. समोरच्या दारच्या कुटुंबाने हौसेने मागितलं, दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी नेहमीप्रमाणे फोनवर विष्णुसहस्रनाम लावलं आणि फोन गप्प. मी आवाज वाढवत नेला. तर तो समोरच्या घरात, त्यांच्या झोपलेल्या जावयाच्या उशाशी वाजत होता. मधे एक जिना आणि दोन भिंती, त्या ब्लूटूथला काहीच नाहीत. फोनमधून ते यंत्र आधी पुसून टाकायचं असतं, आणि यंत्रातून आपले फोन. वायफायचं यंत्र असेल तर त्यात आपला पासवर्ड, खातं, सगळं बसलेलं असतं, म्हणून देण्याआधी ते कारखान्यातून आलं तसं कोरं करायचं. मुलीने हे मला तेव्हा सांगितलं. म्हणजे जावईबापूंची झोपमोड झाल्यावर.

रेकॉर्डींचं फारसं सांगत नाही. त्यांच्यावर लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल आणि ही पुन्हा म्हणेल की घर बदललं पण रडगाणं तेच. फक्त एवढंच की त्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्याच ठेवायच्या, आणि एका खोक्यात पन्नासच्या वर नाही, नाहीतर खोक्याचा तळ जिन्यात सुटतो. भाव ठरतो तो चरे, कव्हर आणि ती कितव्या छपाईची यावर. काळा घोड्याचं रेकॉर्डींचं दुकान ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा मी खूप हळहळलो होतो, ही माझी हळहळ कुठल्याच गिऱ्हाइकाने किमतीत धरली नाही. टर्नटेबल डोंबिवलीला गेलं. त्याचं सुईचं हँडल क्लिपमध्ये अडकवून दोऱ्याने बांधलं, मागचं वजन काढलं, वरची जड थाळी काढून वेगळी गुंडाळली. थाळी जागेवर ठेवून स्कूटरवरून नेलं तर कल्याण फाटा येईपर्यंत आतली दांडी वाकते.

स्पीकर पाहायला माणसं घरीच बोलवावी लागतात. मोबाइल स्टेशनबाहेर भेटून विकता येतो, वीस किलोचा स्पीकर तलावपाळीवर वाजवून दाखवता येत नाही. म्हणून आम्ही नियम केले होते. दिवसाउजेडी यायचं, घरात दोघं तरी असायला हवीत, वॉचमनच्या वहीत नाव आणि नंबर. एक गृहस्थ आले, त्यांनी स्पीकरकडे ढुंकून पाहिलं नाही. खिडकीच्या ग्रिलकडे पाहिलं, गोदरेजच्या कपाटाकडे पाहिलं आणि विचारलं, "दिवसभर घरी कोण असतं?" ही आतून म्हणाली, "मुलगा असतो. पोलिसात आहे, रात्रपाळी करून झोपलाय." आम्हाला मुलगा नाही. गृहस्थ चहा न घेता गेले.

आणि मग तो कोपरखैरण्याचा मुलगा आला.

सत्तावीस-अठ्ठावीसचा. ऐरोलीत कुठल्याशा कंपनीत नोकरी, रविवारी सकाळी वाशी-ठाणे लोकलने आला. पाठीवरच्या सॅकमध्ये छोटा टॉर्च, इंची टेप आणि स्वतःची वायर. चप्पल काढली, हिला नमस्कार केला आणि थेट जमिनीवर बसला. जाळी काढून वूफरच्या कडेवरून बोट फिरवलं, इतकं हलकं, की बाळाच्या टाळूवरून फिरवावं. "रबर आहे, वाचलात काका. फोम असता तर आपल्या दमट हवेत पीठ झालं असतं." मला आवडलाच तो.

मी गाणं लावलं. त्याने दोन मिनिटं ऐकलं, उठला आणि अँप्लिफायरजवळ जाऊन वाकून पाहिलं.

"काका, हा बॅलन्स डावीकडे का?"

"कुठे? तो तसाच असतो."

त्याने नॉब बरोब्बर मधे आणला. म्हणाला, एक टेस्ट करू का, आवाज अगदी लहान ठेवतो, मोठ्या आवाजात असला सूर लावला तर ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जळतो. फोनवर एक अ‍ॅप उघडलं, फोन जोडला. आधी १,००० हर्ट्झचा सूर, शिट्टीसारखा. मग २,०००. मग ४,०००, तो मला लांबून आल्यासारखा वाटला. मग तो मुलगा नुसताच बसून राहिला, मान जरा तिरकी करून. मी त्याच्याकडे, तो स्पीकरकडे.

"लाव ना," मी म्हटलं.

"लावलाय काका. आठ हजार."

तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून आली, हात कणकेचे. "अहो, काय किणकिणतंय हे मघापासून? बंद करा, दात आंबले माझे."

मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

त्याने सूर उजवीकडून काढून डावीकडे दिला. ही म्हणाली, "हां, थांबलं." आणि मुलगा म्हणाला, "काका, डावा ट्विटर गेलाय." मी विचारलं, कधी? वेड्यासारखा प्रश्न. पण उत्तर मलाच ठाऊक होतं. २००७ साली पुतण्याच्या हळदीला हे स्पीकर खाली अंगणात नेले होते. अँप्लिफायर पेलत नव्हता तरी पोरांनी आवाज शेवटपर्यंत नेला होता. अशा वेळी अँप्लिफायरचा सूर फाटतो आणि त्या फाटलेल्या आवाजात जो तीक्ष्ण भाग जास्त येतो तो नाजूक ट्विटरला जाळतो. त्या हळदीपासून मी नॉब डावीकडे वळवत आलो होतो. आणि दोनच आठवड्यांपूर्वी 'चालू कंडिशन' लिहून बसलो होतो, खोटं बोलतोय याची गंधवार्ता नसताना. तो फौजी सोडा, इथे फसवणारा मीच होतो.

मी म्हटलं, राहू दे, तू घेऊ नकोस. तो म्हणाला, "घेणार तर आहेच. १५,५००. नवीन ट्विटरची जोडी टाकतो, एकच बदलला तर दोन्हीकडचा आवाज जुळत नाही." मग साध्या कागदावर आम्ही लिहिलं: मॉडेल, मागचे नंबर, तारीख, 'डावा ट्विटर बंद आहे हे पाहून घेतले', दोघांच्या सह्या. १९८८चं पिवळं पडलेलं बिलही दिलं. माल चोरीचा नाही हे दाखवायला त्याला उपयोगी, आणि उद्या काही निघालं तर तो कागद मला. टेम्पो खाली उभा होता. उतरवताना स्पीकर उताणा करू नका, अँप्लिफायर बंद केल्याशिवाय वायर काढू नका, असं मी सांगायला लागलो तर तो सगळं आधीच करत होता.

निघताना दारात घुटमळला. "काका, रागावू नका. कान तपासून घ्या ना एकदा."

महिन्याभराने, भाड्याच्या घरात बस्तान बसल्यावर गेलो. साउंडप्रूफ खोलीत बसवून २५० हर्ट्झपासून ८,०००पर्यंत सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो होतो. आलेखाची रेघ ४,०००पाशी विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली होती. आवाजाने कान जातो तो आधी तिथेच जातो म्हणे, मग वयाने वरचा भाग जातो. माणूस २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो असं पुस्तकात छापलेलं असतं, ते तरण्या कानाचं. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी विचारलं, काम कुठे करत होता? प्रेस शॉप, २६ वर्षं. कापसाचे बोळे वगैरे? हसलो मी. आमच्याकडे कानात बोळे घालणाऱ्याला नवरी म्हणायचे. मग त्यांनी दोन्ही रेघा जवळ आणून दाखवल्या. डावा कान उजव्याहून वाईट. माझं टेबल असं होतं की पॉवर प्रेस डाव्या हाताला यायचे.

घरी येताना रिक्षात मला तो नॉब आठवत होता. मी तो डाव्या स्पीकरसाठी वळवत होतो, की डाव्या कानासाठी?

दिवाळीनंतर त्या मुलाचा फोन आला. "काका, लावलंय सगळं. काकूंना घेऊन या." कोपरखैरण्यात त्याच्या वडिलांचं सिडकोचं छोटं घर, पुढची खोली जेमतेम दहा बाय बारा. तिच्यात माझे स्पीकर इतके मोठे दिसत होते की मला त्याच्या आईची माफी मागावीशी वाटली. पण त्या माउलीने त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल घातले होते. आम्हाला दोन खुर्च्या दिल्या, मला उजवीकडची, हिला डावीकडची. आमच्याचकडून नेलेली अभंगांची एक एलपी त्याने लावली. सुरुवातीची जराशी किरकिर, मग पखवाज, मग गळा.

ही एकदम पुढे झुकली. "अहो, टाळ! मागे टाळ आहेत या गाण्यात." वीस-पंचवीस वर्षं आमच्या घरात वाजलेली रेकॉर्ड ती.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. "काका, कळतोय ना फरक?"

"हो तर," मी म्हटलं. पखवाज सुरेख होता. गाणं मात्र मला उजवीकडे कललेलं वाटत होतं. अँप्लिफायर माझ्या हाताशीच होता, नॉब अगदी मधोमध. माझी बोटं तिकडे निघाली होती, तेवढ्यात ही उठली.

"इकडे बसा," म्हणाली, आणि तिची खुर्ची मला दिली.